थंडी पडली म्हणून हवामानाची मागणी वगळू नये : कोकणातील आंबा बागायतदार संघांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, पदाधिकारी आणि सभासद,
आंबा-काजू बागायतदारांचे सर्व संघ,
पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हे.

विषय : कडाक्याची थंडी आणि जागतिक तापमानवाढ यांविषयीचा गैरसमज दूर करून हवामान-नोंदींची मागणी निवेदनात कायम ठेवण्याबाबत.

सादर नमस्कार.

या हिवाळ्यात किनाऱ्यालगतच्या गावांतही पहाटे शेकोट्या पेटल्या, आणि त्याच सुमारास काही बागायतदार संघांनी शासनाला द्यावयाच्या निवेदनांतून हवामानासंबंधीची मागणी काढून टाकली. आमच्या तालुक्याच्या बैठकीला मी उपस्थित होतो. फळपीक विम्याची रखडलेली भरपाई, वानरांचा उपद्रव, कीटकनाशकांचे दर, बाजारातील हिशेबपट्ट्या हे मुद्दे एकमताने मान्य झाले. त्यानंतर प्रत्येक महसूल मंडळातील हवामान केंद्राची जागा तपासावी, तेथील किमान आणि कमाल तापमानाच्या नोंदी बागायतदारांना वेळच्या वेळी मिळाव्यात आणि वाढत्या उष्णतेचा हापूसवर होणारा परिणाम सलगपणे अभ्यासला जावा, असा परिच्छेद वाचला गेला. तेव्हा एका ज्येष्ठ बागायतदारांनी विचारले, "इथे सगळ्यांना हुडहुडी भरलीय, आणि पृथ्वी तापतेय म्हणून सरकारला कुठल्या तोंडाने सांगायचं?" सभेला ते पटले आणि परिच्छेद गळला. शेजारच्या तालुक्यांतूनही असेच कानावर आले, म्हणून हे पत्र एका संघाला न लिहिता सर्वांना लिहीत आहे.

ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांच्याविषयी मला आदर आहे. आयुष्य बागेत काढलेला माणूस हवा अंगावर घेऊन ओळखतो आणि अंगाला जाणवलेली थंडी खोटी नसते. ती खरीच होती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्या निष्कर्षापायी आपण आपल्याच हिताची मागणी सोडून देत आहोत.

हिवाळा मुळात का येतो, येथून सुरुवात करतो. पृथ्वी सूर्यापासून लांब गेली की थंडी पडते, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो. प्रत्यक्षात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे गारठा असतो. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे त्या महिन्यांत उत्तर गोलार्धावर ऊन तिरपे पडते, दिवस लहान होतो, आणि उत्तर ध्रुवाकडे तर महिनोन्महिने रात्र असते. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते आणि आज ते ४२० च्या पुढे गेले आहे, तरी त्याने हा कल बदललेला नाही. ऋतू येतच राहणार. ध्रुवाकडच्या लांबलचक रात्रीत थंड हवा साठतच राहणार आणि वारे तिला दक्षिणेकडे आणतच राहणार.

आता आकड्यांचे प्रमाण पाहावे. १८५० ते १९०० या काळाच्या मानाने २०११ ते २०२० या दशकातील जागतिक सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सियसने जास्त होते. २०२४ या एका वर्षात ही वाढ सुमारे १.५५ अंशांपर्यंत पोहोचली आणि ते वर्ष जगात आजवरचे सर्वांत उष्ण ठरले. भारतापुरते बोलायचे तर १९०१ ते २०१८ या काळात सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. दुसरीकडे आपल्या बागेत जानेवारीच्या एकाच दिवशी पहाटे आणि दुपारी मिळून पंधरा अंशांचाही फरक पडतो. रोजचा चढउतार एवढा मोठा आणि सरासरीची वाढ एक-दीड अंशाची, तेव्हा त्या वाढीने थंड पहाट नाहीशी होईल अशी अपेक्षा ठेवणेच चुकीचे आहे. तिने एवढेच होते की थंड पहाटा पूर्वीपेक्षा कमी वेळा येतात आणि तापलेल्या दुपारी जास्त वेळा येतात. पुष्कळ वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय हा फरक नजरेत भरत नाही.

हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये, कारण हापूसच्या बाबतीत आपण रोज याच पद्धतीने विचार करतो. हापूस एक वर्षाआड धरतो हे लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून एका हंगामात कलमे लगडली तर बाग सुधारली, आणि पुढच्या हंगामात रिकामी राहिली तर बाग बिघडली, असे शहाणा बागायतदार कधी म्हणत नाही. तो निदान आठ-दहा हंगामांच्या पेट्या मोजतो आणि मगच बाग कोणत्या बाजूला चालली आहे ते सांगतो. हवामानशास्त्रात हीच मुदत तीस वर्षांची धरतात. आपला भारतीय हवामानशास्त्र विभाग सध्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी प्रमाण मानतो.

येथे एक बारकावा आहे, आणि तो थेट आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. 'थंडीची लाट' ही केवळ ठरावीक अंशाखालची थंडी नसते. ती बहुतेक वेळा त्या ठिकाणच्या सरासरीपासूनही मोजली जाते. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले, तर थंडीची लाट मानतात. किनारपट्टीसाठी वेगळी मोजपट्टी आहे. आपल्याकडे किमान तापमान १५ अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असले, तर लाट धरता येते. याचा अर्थ, सरासरीच हळूहळू वर सरकली की आपल्या आजोबांना नेहमीची वाटलेली पहाट आज बातमीचा विषय होते. अंगाची सवयही तशीच बदलते. थंड रात्री विरळ झाल्या की आलेली प्रत्येक रात्र जास्त बोचते, आणि 'अशी थंडी पूर्वी कधी पडली नव्हती' असे सहज तोंडून जाते. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदले गेले होते. साठ वर्षे उलटून गेली, तो नीचांक अजून मोडलेला नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच सांताक्रूझचा मार्च महिन्यातील उच्चांक ४१.७ अंशांचा आहे आणि तो २८ मार्च १९५६ चा आहे. म्हणून कडक उन्हाच्या एका दिवशी 'बघा, तापमानवाढ!' असे ओरडणेही तितकेच चूक. एकटा नीचांक काही सिद्ध करत नाही, तसा एकटा उच्चांकही करत नाही. पाहायचे असते ते दोघांचे परस्पर प्रमाण. अमेरिकेत या शतकाच्या पहिल्या दशकात रोजच्या तापमानाचे जे नवे विक्रम नोंदले गेले, त्यांत उष्णतेचे विक्रम थंडीच्या विक्रमांच्या साधारण दुप्पट होते. हवा तापत नसती तर हे प्रमाण बरोबरीचे राहिले असते. थंडीचे विक्रम थांबलेले नाहीत, याकडेही लक्ष असावे. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात हेच जगभराच्या नोंदींवरून सांगितले आहे की, १९५० च्या दशकापासून बहुतेक भूभागांवर तीव्र उष्णता वाढली असून तीव्र थंडी कमी वेळा आणि कमी कडक येऊ लागली आहे.

आता आपल्या थंडीकडे वळतो. तिचा उगम कोकणात नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी झंझावात येतात, काश्मीर आणि हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकतात, आणि त्यांच्या मागोमाग वायव्येकडून कोरडे थंड वारे राजस्थान, गुजरातमार्गे खाली उतरतात. ते कोकणात पोहोचेपर्यंत त्यांची धार पुष्कळ बोथटते. पालघर-रायगडला ते आधी जाणवतात, वेंगुर्ले-सावंतवाडीकडे उशिरा आणि कमी. समुद्रकाठी पाण्याची ऊब असते. दापोलीसारख्या उंचावरच्या आणि किनाऱ्यापासून आत असलेल्या जागी ती पोहोचत नाही, म्हणून दापोलीचा पारा रत्नागिरीपेक्षा नेहमीच खाली असतो. एखाद्या वर्षी असे झंझावात एकापाठोपाठ आले तर थंडी मुक्कामाला राहते, नाही आले तर डिसेंबर थंडीविनाच जातो. कोणत्या वर्षी किती झंझावात येतील हे पृथ्वीच्या सरासरी तापमानावरून ठरत नाही, आणि म्हणूनच आलेल्या थंडीवरून त्या सरासरीविषयी काही सांगताही येत नाही. कधी कारण त्याहून निराळे असते. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूने उडालेली धूळ मुंबईसह कोकणावर पसरली, ऊन झाकोळले आणि दिवसाचे तापमान एकदम उतरले. तो गारठा धुळीचा आणि ढगाळ हवेचा होता.

वारा आला की उरलेले काम रात्र करते. दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता वर सोडू लागते. आभाळात ढग असतील किंवा हवेत बाष्प असेल तर त्यातली बरीच अडते आणि खाली परत येते. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असेल तर ती अवकाशात निघून जाते आणि पहाटेपर्यंत पारा घसरत राहतो. वाढलेला कार्बन डायऑक्साइड यातली काही उष्णता जरूर अडवतो, परंतु कोरड्या हवेच्या रात्री बाष्पाची जागा तो भरून काढू शकत नाही. थंड झालेली हवा जड होऊन उताराने वाहते आणि खोलगट भागात साचते. ज्यांची बाग सड्यावरही, म्हणजे वरच्या कातळी पठारावरही, आहे आणि खाली वहाळाच्या काठीही आहे, त्यांनी पहाटे दोन्ही ठिकाणी तापमापक लावून पाहावा. एकाच मालकाच्या एकाच बागेत दोन हिवाळे नांदताना दिसतील. महसूल मंडळाचे केंद्र यांपैकी कोठे उभे आहे, यावर विम्याचा दावा ठरतो हे लक्षात घेतले, तर केंद्राच्या जागेची मागणी किती महत्त्वाची आहे ते वेगळे सांगायला नको.

याच कोरड्या हवेची दुसरी बाजू आपण सर्वजण दरवर्षी पाहतो, पण तिचा पहाटेच्या गारठ्याशी संबंध जोडत नाही. पूर्वेकडून येणारा वारा सह्याद्री ओलांडून खाली उतरतो तेव्हा दाबला जाऊन तापतो. कोरडी हवा शंभर मीटर खाली आली की साधारण एक अंशाने तापते. हा वारा जोरात असला की दुपारचा खारा वारा किनाऱ्यावरच अडून राहतो आणि उशिरा आत येतो. मग पहाटे शाल गुंडाळलेला माणूस दुपारी सावली शोधतो. ऐन हिवाळ्यात देशातील सर्वाधिक कमाल तापमानाच्या यादीत रत्नागिरी आणि सांताक्रूझची नावे वारंवार दिसतात ती यामुळे. कोकणाच्या हिवाळ्यात थंडी आणि ऊन एकाच कोरड्या हवेच्या पोटी येतात. केवळ पहाटेचा आकडा छापला किंवा सांगितला, तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होते. आपल्याकडे गेली काही वर्षे हेच चालले आहे.

आणि दुपारच्या बाजूची गोष्ट चिंता करण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारताचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या कोणत्याही फेब्रुवारीपेक्षा जास्त होते. फेब्रुवारी २०२५ सरासरी तापमानात त्याच्याही वर गेला. या दोन्ही फेब्रुवारींत कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचे इशारे द्यावे लागले. किनाऱ्यासाठी अशा लाटेची मर्यादा ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त अशी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे शिमग्याच्याही आधी हा इशारा येणे किती गंभीर आहे ते कळते. २०२४ हे वर्ष भारतातही १९०१ नंतरचे सर्वांत उष्ण होते, आणि त्या वर्षीही उत्तरेत थंडीच्या लाटा येऊन गेल्याच.

परदेशातील थंडीच्या बातम्यांचाही आपल्या चर्चांत वारंवार उल्लेख होतो. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागो शहरात तापमान उणे ३० अंशांपर्यंत उतरले होते, आणि त्याची चित्रे आपल्या मोबाइलवरही फिरली. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाने तोवरचा आपला सर्वांत उष्ण महिना नोंदवला, त्याची चित्रे मात्र कोणी फिरवली नाहीत. शिकागोत झाले ते असे. उत्तर ध्रुवाच्या वर, स्थितांबर नावाच्या वातावरणाच्या उंच थरात, हिवाळ्यात थंड हवेचा एक मोठा भोवरा फिरत असतो आणि तो साधारणपणे त्या थंडीला ध्रुवाजवळ धरून ठेवतो. त्या जानेवारीच्या आरंभी स्थितांबर अचानक तापले, भोवरा फाटला, आणि त्याच्याखालचा वेगवान वारेझोत वळणे घेत दक्षिणेकडे झुकला. त्या वळणातून ध्रुवाकडची हवा अमेरिकेच्या मध्यभागी उतरली. ही हवा तेथे नव्याने तयार झालेली नव्हती, ती एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली होती, आणि तिच्या बदल्यात उबदार हवा उत्तरेकडे सरकली होती. १९७९ पासून उत्तर ध्रुवप्रदेश उरलेल्या जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. या तापण्यामुळे भोवरा वरचेवर विस्कटतो का, यावर शास्त्रज्ञांत खरोखर मतभेद आहेत. काही अभ्यास तसे सुचवतात, काहींना तसा पुरावा दिसत नाही. पृथ्वी तापते आहे की नाही, यावर मात्र त्यांच्यात मतभेद नाहीत. या दोन प्रश्नांची सरमिसळ करून 'शास्त्रज्ञांचेच एकमत नाही' असे म्हणणे योग्य नव्हे.

२६ फेब्रुवारी २०१५ रोजी जेम्स इनहोफ या सिनेटरांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये बर्फाचा गोळा नेऊन बाहेर किती थंडी आहे ते दाखवले होते. ते वर्ष संपले तेव्हा २०१५ हे तोवरचे जगातील सर्वांत उष्ण वर्ष ठरलेले होते. आपल्या निवेदनातील परिच्छेद वगळण्यामागचा युक्तिवाद त्या गोळ्याहून वेगळा नाही, हे मला खेदाने लिहावे लागते.

प्रशांत महासागरातील ला निनाचेही थोडक्यात सांगतो, कारण कृषी सल्ल्यांत तिचे नाव येते. विषुववृत्ताजवळचे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड राहिले की जगाची सरासरी किंचित उतरते आणि आपल्याकडे हिवाळा बहुधा अधिक थंड असतो. २०२० ते २०२३ असे सलग तीन हिवाळे ला निनाचे होते. असे असूनही २०२१ आणि २०२२ ही वर्षे, प्रबळ एल निनोमुळे, म्हणजे ला निनाच्या उलट त्याच पाण्याच्या तापण्यामुळे, तापलेल्या १९९८ पेक्षा उष्णच होती. थंडावा देणारी वर्षेसुद्धा आता जुन्या तापलेल्या वर्षांच्या वर आहेत.

आपल्या झाडाला हे सर्व कसे भोगावे लागते, ते आपण सारे जाणता. तरी ते एकत्र मांडणे आवश्यक वाटते. पाऊस संपून जमिनीतील ओल ओसरली, ऑक्टोबरच्या उन्हात पालवी जून झाली आणि त्यानंतर रात्री थंडावल्या, म्हणजे डोळे फुगून मोहोर येतो. नोव्हेंबर-डिसेंबर उबदार गेला तर मोहोराऐवजी पुन्हा पालवीच फुटते. त्यामुळे थंडी ही आपली शत्रू नाही. हापूसला ती हवीच आहे, पण वेळेवर आणि बेताची. जानेवारीत कणी धरली, फळ वाटाण्याएवढे झाले, आणि तेव्हा कडक थंडी येऊन ठाण मांडून बसली, की त्याच काडीवर फळाच्या शेजारून दुसरा मोहोर डोकावतो. हा पुनर्मोहोर ज्याने जवळून पाहिला आहे त्याला ती काडी विसरता येत नाही. टोकाला ताजा गुलाबीसर तुरा, आणि त्याच्या बुडाशी पिवळी पडत चाललेली, बोट लागताच गळणारी कणी. झाडाचे अन्नरस नव्या तुऱ्याकडे वळतात आणि आधी धरलेले फळ उपाशी राहते. शिवाय थंडीत आलेल्या मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते, नर-मादी दोन्ही भाग असलेली संयुक्त फुले कमी होतात, परागीकरण करणाऱ्या माश्या मंदावतात आणि तुरा भरगच्च दिसूनही फळ बसत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पुनर्मोहोर टाळण्यासाठी जिब्रेलिक आम्लाच्या फवारणीची शिफारस केली आहे, ती याच कारणाने.

यातून जी कणी वाचते तिला पुढे फेब्रुवारी-मार्चचे ऊन गाठते. फळ भाजते, चट्टे पडतात, गळ वाढते, आणि टिकलेले फळ बाहेरून देखणे असून आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा खराब गर, निघतो. तापलेल्या जमिनीकडून फळाला लागणारी धग हे साक्याचे एक कारण मानले जाते. कातळावरच्या बागांना ही धग किती लागते ते मी सांगायला नको. मधल्या काळात अवेळी पाऊस येतो. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे एक अंशाने वाढले, आणि तापलेल्या पाण्यावरची हवा अधिक बाष्प धरते. १ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई आणि कोकणात झालेला पाऊस आपण विसरलेला नसाल. मोहोराच्या तोंडावर आलेल्या त्या पावसानंतर तुडतुडा, भुरी आणि करपा यांवरच्या फवारण्यांचा खर्च ज्याचा त्याला आठवतो.

म्हणजे एकाच हंगामात आपल्याला थंडी नडते, ऊनही नडते आणि पाऊसही. यात परस्परविरोध काहीच नाही, आणि याचा पुरावा आपल्या घरातच आहे. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत आंब्यासाठी अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचे वारे हे धोके एकाच अर्जात, एकाच हप्त्यात धरलेले आहेत. दरवर्षी आपण त्या कागदावर सही करतो. जास्त तापमानाची भरपाई मागताना 'जानेवारीत थंडी होती' असे सांगून कोणी आपला दावा सोडून देत नाही. मग निवेदनातूनच तो विषय का सोडावा? उद्या तापमानाच्या मर्यादा नव्याने ठरवताना समोरच्या अधिकाऱ्याने 'आपल्या संघांनीच हा मुद्दा मागे घेतला होता' असे दाखवले, तर आपल्यापाशी उत्तर राहणार नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही आपण करू नये. तापमान वाढते आहे म्हणजे आता थंडीची तयारी नको, असे समजणाऱ्यांची किती हानी होते हे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात दिसले. तेथील वीजव्यवस्था कडक गोठणीसाठी सिद्ध नव्हती, लाखो घरे अंधारात गेली आणि राज्य शासनाच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. आपल्याकडे इतके टोकाचे काही होणार नाही, पण पुनर्मोहोरावरील उपाय, थंडीच्या इशाऱ्याचा मोबाइल संदेश आणि कमी तापमानाची विमा-मर्यादा यांचा आग्रह तापमानवाढीच्या काळातही तितकाच धरला पाहिजे. म्हणूनच माझी विनंती 'उष्णतेची नोंद ठेवा' एवढीच नसून किमान आणि कमाल दोन्ही नोंदींची आहे.

आपण सर्व संघांनी पुढील बैठकीत वगळलेला परिच्छेद पुन्हा चर्चेस घ्यावा, शक्य झाल्यास त्या बैठकीस विद्यापीठातील हवामान किंवा फळबाग विषयाच्या एका तज्ज्ञांना बोलवावे आणि ज्या ज्येष्ठांना शंका आहे त्यांना ती समोरासमोर विचारू द्यावी. तोवर ज्या सभासदांना जमेल त्यांनी सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर साधा किमान-कमाल तापमापक लावून रोजचे दोन आकडे वहीत उतरवावेत आणि मोहोर, पुनर्मोहोर, गळ, साका यांच्या तारखा त्याच वहीत शेजारी लिहाव्यात. भिंतीला टेकवलेला किंवा पत्र्याखाली टांगलेला तापमापक खोटे आकडे देतो, एवढी काळजी घ्यावी. निवेदनासाठी मी पुढील मजकूर सुचवतो :

"कोकणातील आंबा व काजू पिकास एकाच हंगामात कमी तापमान, जास्त तापमान आणि अवेळी पाऊस या तिन्हींचा फटका बसत आहे. दीर्घकालीन सरासरी तापमान वाढत असतानाही थंडीच्या लाटा येत राहणार आहेत, हे लक्षात घेऊन प्रत्येक महसूल मंडळातील हवामान केंद्राची जागा बागायतदारांच्या प्रतिनिधींसमक्ष तपासावी. सडा, उतार आणि खोलगट भाग यांतील तापमानाचा फरक मोजण्यासाठी आवश्यक तेथे जादा केंद्रे उभारावीत. दैनिक किमान व कमाल तापमानाच्या नोंदी ग्रामपंचायतीत आणि संघांकडे दर आठवड्यास द्याव्यात. आणि फळपीक विम्यातील दोन्ही तापमान-मर्यादांचा या नोंदींच्या आधारे ठरावीक मुदतीने फेरविचार करावा."

हा मजकूर जसाच्या तसा किंवा आपल्या तालुक्याच्या गरजेप्रमाणे बदलून वापरण्यास माझी काहीही हरकत नाही. विमा नोंदणीची पुढील मुदत सुरू होण्यापूर्वी तो कृषी विभागाकडे पोहोचावा, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
एक आंबा बागायतदार,
रत्नागिरी जिल्हा